जबडा पुढे, जबडा मागे

प्यो दोक्सूने त्या दिवशी फक्त डोळे मिटायचं ठरवलं होतं. झोपायचं नव्हे. हे त्याने नंतर बायकोला सांगितलं, बंदरावरच्या प्रत्येक माणसाला सांगितलं, दातांच्या दोन डॉक्टरांना सांगितलं आणि एकदा बसमध्ये शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईलाही छाती ठोकून सांगितलं. बाईंनी पुढच्या थांब्यावर जागा बदलली. पण मुद्दा असा की माणूस डोळे मिटू शकतो. त्यावर कुठे बंदी नाही.

जागा मात्र जरा चुकली. कोरियातल्या जुमुन्जिन बंदराच्या धक्क्यावर त्या दिवशी समुद्राची वार्षिक पूजा होती. बोटींवर झेंडे, टेबलावर फळांचे मनोरे, मधोमध डुकराचं उकडलेलं मुंडकं, आणि भगतीणबाई रंगीत झग्यात ढोलाच्या तालावर समुद्रदेवाला आळवत होत्या. यंदा तरी माकूल, म्हणजे स्क्विड, मिळू दे, एवढंच सगळ्यांचं मागणं होतं. गेले काही हंगाम माकुलाने या किनाऱ्याकडे अशी पाठ फिरवली होती, की बोटींचे दिवे नुसतेच पाण्यावर जळायचे आणि पहाटे रिकाम्या पेट्या परत यायच्या. दोक्सू हा बाजारातला सगळ्यात जुना लिलाव पुकारणारा. त्याचा आवाज दीपगृहापर्यंत जातो अशी ख्याती. (ही ख्याती त्यानेच पसरवली होती, पण खोटी नव्हती.) त्यामुळे त्याला पहिल्या रांगेत, बरोबर मुंडक्यासमोर बसवलं होतं.

पहाटेपासून लिलाव पुकारून आलेला माणूस, तोंडावर कोवळं ऊन, कानात ढोलाचा एकसुरी ठेका. दोक्सूने डोळे मिटले.

सुरुवातीचं घोरणं ढोलात मिसळून गेलं. ढोलवाल्याला वाटलं, आपल्याला साथ करायला कोणी तरी आणखी एक वादक बोलावलाय. तो खुशीत येऊन ठेका वाढवू लागला. मग घोरणंही वाढलं. मग लोक माना वळवून पाहू लागले. टेबलावरचं मुंडकं डोळे मिटून शांतपणे हसत होतं, समोर दोक्सू तोंड उघडं टाकून बसला होता, आणि दोघांपैकी देवाला वाहिलेला कोण, याबद्दल परगावच्या पाहुण्यांचा क्षणभर गोंधळ झाला.

आणि मग घोरणं थांबलं.

नुसतं घोरणं नाही, श्वासच थांबला. छाती हलेना. ढोल बंद पडला. बायकांनी तोंडावर हात घेतले. कोणी तरी कुजबुजलं, "गेला की काय?" मेलेल्यांशी रोज बोलणं-चालणं असलेल्या भगतीणबाईसुद्धा दोन पावलं मागे सरल्या. अख्खा धक्का श्वास रोखून दोक्सूच्या श्वासाची वाट बघत राहिला.

"घर्र्र्रॅक!"

नांगराचा साखळदंड सुटावा तसा आवाज झाला, दोक्सू खुर्चीतून वीतभर उडाला आणि सवयीने, अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "विकलं! पुढची पेटी!"

लोक हसून हसून लोळले. भगतीणबाईंनी पाठ फिरवली, पण त्यांचे खांदे गदगदत होते. दोक्सूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी प्रार्थना करत होतो!" घरी पोचेपर्यंत त्याचं तेच चाललं होतं. "डोळे मिटून! आता माणसाने प्रार्थनाही उघड्या डोळ्यांनी करायची का?"

"घोरत होतात," मालसून म्हणाली. मालसून म्हणजे त्याची बायको. ती दोरीवरची वाळलेली माकुलं काढत होती.

"मी घोरत नाही. इतक्या वर्षांत मी एकदाही माझं घोरणं ऐकलेलं नाही."

यावर मालसूनने माकुलांची चळत खाली ठेवली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अहो, तुम्ही घोरता तोवर मला बरं वाटतं. घोरणं थांबलं की मी उठून बसते."

"उठून बसतेस? का?"

"श्वास परत सुरू होतोय का बघायला. नाही झाला तर कोपराने ढोसते."

"मग झोपतेस कधी?"

"तुम्ही लिलावाला गेल्यावर."

ही बया आपण कामाला निघताना उठून गरम सूपसुद्धा करून देत नाही, याबद्दल दोक्सू गेली कित्येक वर्षं मित्रांच्या कानीकपाळी ओरडत आला होता. आता हा राग कुठे ठेवायचा हेच त्याला कळेना. माणसाच्या हातून त्याची जुनी तक्रार अशी काढून घेणं हा शुद्ध अन्याय आहे. शेवटी त्याने डोक्यावर टोपी चढवली आणि "कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते सांग" असं अशा सुरात विचारलं, जणू डॉक्टरला मारायलाच निघालाय.

गांगनुंग शहरातल्या मोठ्या इस्पितळात त्याच्या अंगाला इतक्या तारा लावून त्याला झोपवलं, की वाळत घातलेल्या जाळ्यात आपणच अडकलोय असं त्याला वाटलं. निकाल लागला: झोपेत जीभ आणि घशाचा मांसल भाग मागे पडतो, वाट बंद होते, श्वास अडतो. एकदा-दोनदा नाही, रात्रभर. उपाय म्हणून एक यंत्र मिळालं. नाकावर मुखवटा, मुखवट्याला नळी, नळीतून हवेचा झोत.

"मी लिलाववाला आहे की पाणबुड्या?" दोक्सूने विचारलं. पुष्कळांना या यंत्राने सोन्यासारखी झोप लागते, असं तिथल्या नर्सने समजावलं. दोक्सू त्या पुष्कळांत नव्हता. तो झोपेत मुखवटा ओरबाडून काढी. सकाळी यंत्र इमानदारीत चालू असे आणि नळी मालसूनच्या कानात फुंकर घालत असे. मालसूनला सर्दी झाली.

मग कळलं की दातांच्या डॉक्टरकडेही यावर इलाज असतो. बाजारामागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर डॉक्टर बेक म्हणून तरुण बाई नव्याने आल्या होत्या, त्या तोंडात बसवायचं साधन करून देतात म्हणे.

"सोपं आहे काका," बेकबाई हसतमुखाने म्हणाल्या. त्यांनी प्लास्टिकच्या दोन पारदर्शक कवळ्या दाखवल्या, एक वरच्या दातांवर, एक खालच्या. दोन्ही बाजूंना बारीक स्क्रू. "हे घालून झोपायचं. याने खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवला जातो. जबडा पुढे आला की जीभही पुढे येते, आणि घसा मोकळा राहतो. हळूहळू स्क्रू फिरवून आपण बरोबर जागा शोधायची."

"म्हणजे ओढून धरायचं."

"अगदी थोडं. एक विचारते, जबड्याच्या सांध्यात दुखतं का कधी? तोंड उघडताना कट्ट असा आवाज?"

दोक्सू ताठ झाला. जबडा हे त्याचं हत्यार. सुताराला तुझी करवत बोथट आहे का असं कोणी विचारतं?

"माझ्या जबड्याला," तो म्हणाला, "आजवर काहीही झालेलं नाही."

बेकबाईंनी बोटांनी त्याच्या कानापुढे चाचपलं. तोंड उघडायला सांगितलं. त्याने सोयीपुरतं, दोन बोटं जातील एवढंच उघडलं, त्यामुळे आवाजबिवाज काही झाला नाही.

साधनाने काम मात्र चोख केलं. पहिल्या रात्रीपासून घोरणं निम्म्यावर आलं. मालसून इतकी गाढ झोपली, की सकाळी तिला आपण कुठल्या गावात आहोत ते आठवायला वेळ लागला. दोक्सूचं डोकंही हलकं होतं. मग घाई सुटली. बेकबाईंनी आठवड्यातून एकदाच स्क्रूला थोडा पीळ द्यायला सांगितलं होतं. दोक्सूने विचार केला, थोड्याने एवढा फायदा, तर भरपूर फिरवल्यावर काय होईल! त्याने एका दमात स्क्रू जाईल तेवढा फिरवला. (औषधाचा डोस आणि बोटीचा वेग यांत फरक असतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. खरं तर सांगितलं होतं, पण बाईने सांगितलं होतं आणि तीही वयाने लहान.)

आणि नेमकं दुसऱ्या दिवशी पहाटे माकूल आलं.

एक नाही, पाच बोटी भरून. कित्येक हंगामांनी धक्क्यावर पेट्यांच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या आणि पेट्यांत माकुलं अजून रंग पालटत होती. नंबरवाल्या टोप्या घातलेले खरेदीदार दाटीवाटीने उभे होते. दोक्सू ऐटीत ओट्यावर चढला. साधन घरीच काढून आला होता, पण जबडा काही मागे यायला तयार नव्हता. खालचे दात वरच्या दातांच्या पुढे उभे होते. असं सकाळी थोडा वेळ होणार, गरम फडक्याने शेकून हळूहळू व्यायाम करा, असं बेकबाई म्हणाल्या होत्या. पण माकूल काय व्यायाम संपेपर्यंत थांबणार होतं?

त्याने घसा साफ केला आणि पुकारा सुरू केला. पाचपर्यंत ठीक गेलं. मग बोली वाढली आणि त्याला म्हणायचं होतं, "सात!"

तोंडातून निघालं, "हात!"

सगळ्यांनी हात वर केले.

"अरे, हात नाही, हात!" दोक्सू ओरडला.

लोकांनी एक हात खाली घेतला आणि दुसरा वर केला.

"हात खाली करा! मी हात म्हणतोय, हात नव्हे!"

"दादा, नक्की कुठला हात?" एका खरेदीदाराने विचारलं.

"हहाच्या नंतरचा!" दोक्सू किंचाळला. त्याचा चेहरा लाल झाला होता, जबड्यात कळ उठत होती, मागे बोटींचे मालक शिव्या हासडत होते. अखेर सगळ्यांनी कंटाळून हात खाली घेतले. एकच हात वर राहिला. तो सूपवाल्या आजीचा होता. आजीचं धक्क्यावर माकुलाच्या सूपाचं दुकान, नवऱ्याच्या पश्चात त्याची नंबराची टोपी तिच्याकडे आलेली. तिला जरा कमी ऐकू येई, म्हणून ती एकदा हात वर केला की काम होईपर्यंत खाली घेत नसे. दोक्सूने तावातावाने तिच्याकडे बोट दाखवलं.

"विकलं!"

पहिल्या बोटीची सगळीच्या सगळी माकुलं सूपवाल्या आजीच्या नावावर चढली.

"अरे मेल्या!" आजी पेट्यांच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "मला नाश्त्याच्या सूपापुरती एक पेटी हवी होती! हे मी कुठे ठेवू, तुझ्या उघड्या तोंडात?"

एकदा 'विकलं' म्हटलं की विकलं, हा नियम आयुष्यभर सगळ्यांच्या डोक्यावर मारत आला होता तो दोक्सूच. त्यामुळे आता तो मोडायचा कसा यावर अर्धा तास भांडण झालं. आजी पेट्या घेईना, बोटमालक त्या परत घेईना, आणि माकूल उन्हात पडून राहिलं. शेवटी मच्छीमार संस्थेच्या सचिवांनी दोक्सूच्या खांद्यावर हात ठेवला. "प्योसाहेब, तोंड दुरुस्त होईपर्यंत घरी आराम करा. तोवर बियन पुकारेल."

बियन! ज्याला आपण पुकारायला शिकवलं, ज्याचा आवाज पिंपात पडलेल्या मांजरासारखा आहे, तो बियन! दोक्सू घरी आला तो असा तापलेला, की मालसूनने पुढे ठेवलेला पाण्याचा पेला त्याने नुसत्या नजरेने उकळला असता. शिवाय कानापुढे असं ठणकत होतं की घास चावता येईना.

बेकबाईंकडे जायची त्याची तयारी नव्हती. "तिनेच तर केलंय हे!" मग त्याला आठवलं की त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, मेंग डॉक्टर बसतात. मेंग म्हणजे गावातले जुने, जबड्याच्या सांध्याचे तज्ज्ञ. ते कोणाशी फारसं बोलत नसत, कारण समोरच्याचं तोंड नेहमी उघडं असे.

मेंग डॉक्टरांनी कानापुढे अंगठा दाबला. दोक्सू कळवळला. "पूर्ण उघडा," ते म्हणाले. दोक्सूने उघडलं.

कट्ट!

"सांध्यातली गादी सरकलेली आहे. आजची नाही, जुनी आहे. त्यात हा जबडा पुढे ओढायचा उद्योग कोणी केला?"

"खालच्या मजल्यावरच्या बाईंनी." स्क्रू स्वतः फिरवल्याचं सांगायची वेळ आली नाही. विचारलंच नव्हतं.

"हं," मेंग म्हणाले. त्या 'हं'मध्ये जुन्या पिढीचं नव्या पिढीबद्दलचं सगळं मत होतं. "या सांध्याला विश्रांती हवी. ही गुळगुळीत पट्टी देतो, वरच्या दातांवर घालून झोपा. म्हणजे दात आवळले जाणार नाहीत. मोठ्याने बोलायचं नाही. मोठी जांभई द्यायची नाही, आलीच तर हनुवटीखाली मूठ धरायची. आणि वाळलेलं माकूल बंद."

दोक्सू खुर्चीत उठून बसला. "काय बंद?"

"माकूल. चघळून चघळून जबड्याची वाट लागते. शिवाय मुळ्याचं किमची, च्युइंगम, कडक काहीही."

"डॉक्टरसाहेब, या गावात पोराला दात यायच्या आधी हातात माकुलाची तंगडी देतात! माझे वडील मरायच्या आदल्या दिवशी माकूल चघळत होते!"

"आणि जबडा?"

दोक्सूला आठवलं की वडिलांचा जबडाही कट्ट वाजे. लहानपणी तो त्यावरून वडील कुठल्या खोलीत जेवताहेत ते ओळखायचा.

पट्टी घातली. जबड्याचं दुखणं हळूहळू उतरलं. पण जबडा मागे गेला तशी जीभही गेली, आणि घरात पुन्हा साखळदंड सुटू लागले. मालसूनने पुन्हा उठून बसायला सुरुवात केली. एके दिवशी दुपारी भाजी निवडता निवडता तिचं डोकं टोपलीत टेकलं आणि ती तशीच झोपली. ते पाहून दोक्सूने मुकाट्याने चपला घातल्या आणि दुसरा मजला गाठला.

"मागे?" बेकबाईंचं हसू मावळलं. "काका, तुम्हाला झोपेत श्वास अडण्याचा आजार आहे. जबडा मागे जाऊन कसं चालेल? वरच्यांना सांगा, आधी माणूस जगायला हवा, मग त्याचा सांधा."

दोक्सू तिसऱ्या मजल्यावर गेला.

"पुढे?" मेंग म्हणाले. "तो सांधा आहे, टेबलाचा खण नव्हे. खालच्यांना सांगा, उद्या याचं तोंड उघडलंच नाही तर हा जेवणार कशाने?"

दोक्सू दुसऱ्या मजल्यावर आला.

"वरच्यांना सांगा की कमी पुढे घेऊनही भागतं. पण पेशंटने सांध्याबद्दल आधी सांगायला हवं होतं."

तिसरा मजला.

"खालच्यांना सांगा की पेशंट काय सांगतो त्यावर काय विसंबायचं? आमच्या वेळी आम्ही बोट घालून बघत होतो."

दुसरा मजला.

"वरच्यांना सांगा, मी बघितलं होतं! यांनी तोंडच उघडलं नाही!"

लिफ्ट नादुरुस्त होती हे सांगायला नकोच. लग्न ठरवताना दोन्हीकडचे विहीण-व्याही समोरासमोर न येता मधल्या माणसाच्या हातून टोमणे पाठवतात, तशी दोक्सूची गत झाली होती. फरक इतकाच की इथे ज्याचं लग्न तोच मधला माणूस होता आणि हुंड्यात त्याचाच जबडा होता. तिसऱ्यांदा वर चढताना जिन्याच्या मधल्या टप्प्यावर पोचल्यावर त्याच्या संतापाचा कडेलोट झाला. मालसून जागी होऊन त्याच्या मागोमाग आली होती, ती जिन्याच्या खिडकीत बसून सगळं बघत होती. तो कठड्याला धरून उभा राहिला आणि लिलावाच्या आवाजात ओरडला:

"बाहेर या! दोघंही! आत्ताच्या आत्ता!"

दुसऱ्या मजल्यावरून बेकबाई बाहेर आल्या, तिसऱ्यावरून मेंग डॉक्टर. दोन्हीकडच्या पेशंटांनी दारातून माना काढल्या, त्यांतल्या एकाच्या तोंडात कापूस होता.

"हा जबडा माझा आहे!" दोक्सू गरजला. "तुम्ही म्हणता पुढे, हे म्हणतात मागे! पुढे घेतला तर दुखतो, मागे घेतला तर मरतो! माझं काम गेलं! त्या बियनने काल शेवाळाच्या भावात माकूल विकलं! माझं माकूल बंद, जांभई बंद, ओरडणं बंद! उद्या म्हणाल श्वासही बंद, तेवढाच काय तो एक आपोआप होत होता! तुम्ही शिकलेली माणसं ना? मग एकमेकांशी बोलायला काय होतं? का मी तुमचा टेलिफोन आहे? आता माझं शेवटचं ऐकून घ्या, आजपासून मी, प्यो दोक्सू, तुम्हा दोघांकडेही... आ..."

"काय म्हणालात?" मेंगनी वरून विचारलं.

"आ..."

"काका?"

"आआ!"

तोंड उघडं ते उघडंच राहिलं. जबडा सांध्यातून निसटून अडकला होता. दोक्सूने दोन्ही हातांनी हनुवटी वर ढकलून पाहिली. ती हलेना. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य अर्ध्यावर राहिलं होतं, आणि ज्यांना ऐकवायचं ती दोघं एकाच वेळी त्याच्या तोंडात डोकावून बघत होती.

"बघितलंत?" मेंग म्हणाले. "दोन्ही बाजूंनी निसटलाय."

"सुंदर!" बेकबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन काढून झटकन एक फोटो घेतला. "म्हणजे... अशी केस मी पुस्तकातच पाहिली होती."

"डोकं धरा. मागून, घट्ट. असं."

दोक्सूला जिन्याच्या पायरीवर बसवलं. बेकबाईंनी डोकं छातीशी धरलं, मेंगनी अंगठ्यांना कापड गुंडाळून ते खालच्या दाढांवर ठेवले, खाली दाबलं, मग मागे लोटलं. कट्ट, कट्ट. जबडा जागेवर बसला. कापूसवाल्या पेशंटने टाळ्या वाजवल्या.

"काका, खरं सांगा," बेकबाई त्याच्यापुढे उकिडव्या बसल्या. "हा सांधा आधीपासून वाजत होता की नाही?"

दोक्सूने नाही म्हणायला मान हलवायला घेतली.

"वीस वर्षं," खिडकीतून मालसून म्हणाली. "जेवताना कट कट वाजतो. आमच्या घरी घड्याळ लागत नाही. आणि तो स्क्रू पण यांनीच गरागरा फिरवला, एका दमात. मी म्हटलं, अहो डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय तसं करा. तर म्हणे, तुला यंत्रातलं काय कळतं."

दोन्ही डॉक्टरांनी दोक्सूकडे पाहिलं. मग एकमेकांकडे. आणि त्या क्षणी त्यांची जी गट्टी जमली ती पाहून दोक्सूला वाटलं, यापेक्षा ती भांडत होती तेच बरं होतं.

"पेशंट!" मेंग उसासा टाकून म्हणाले.

"पेशंट!" बेकबाईंनी दुजोरा दिला.

पुढचा अर्धा तास ती दोघं जिन्यातच बसून त्याच्या डोक्यावरून बोलत होती. आधी सांधा शांत होऊ द्यायचा. मग साधन पुन्हा लावायचं, पण जेमतेम पुढे, आणि स्क्रूची किल्ली मालसूनच्या ताब्यात. रोज सकाळी शेक आणि जबड्याचा व्यायाम. कुशीवर झोपणं. पुन्हा एकदा तारा लावून तपासणी. दर पंधरवड्याला दोघांनाही दाखवणं. दोक्सूच्या डोक्याभोवती आणि हनुवटीखालून पट्टा बांधला होता, त्यामुळे त्याला मधे बोलता येत नव्हतं. असं त्याच्या बाबतीत यापूर्वी कधीही घडलेलं नव्हतं आणि उपायांची यादी झपाट्याने पुढे सरकली. शेवटी बेकबाईंनी काहीतरी विचारलं, जिन्यात काढलेल्या फोटोबद्दल, शिकण्या-शिकवण्याच्या कामासाठी वगैरे. दोक्सूने मान हलवली. पट्टा सुटण्यासाठी त्याने काहीही कबूल केलं असतं.

तोफू, मऊ भात आणि अपमान, एवढ्यावर तो काही आठवडे जगला. पण उपाय लागू पडला. घोरणं राहिलं ते मांजराच्या गुरगुरण्याएवढं, श्वास अडणं जवळपास थांबलं, जबडा बेताबेताने कामाला लागला. मालसून झोपू लागली. इतकी झोपू लागली की तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली आणि शेजारणींनी तिला कुठलं क्रीम लावतेस ते विचारलं. दोक्सू लिलावाला परत आला. सचिवांनी खबरदारी म्हणून त्याला छोटा माइक दिला. त्याने तो हाताच्या अंतरावर धरला, शत्रूसारखा. पण 'सात' व्यवस्थित 'सात' निघाला, कोणी विनाकारण हात वर केला नाही, आणि त्या दिवशी दोक्सू घरी शीळ घालत आला. (हळू. ओठ फार ताणायचे नाहीत, अशी सूचना होती.)

दुसऱ्या दिवशी तो आणि मालसून बाजाराला निघाले, तर बस थांब्यावर गर्दी.

थांब्याच्या काचेवर माणसाएवढा मोठा फलक लावला होता. फलकावर एक तोंड होतं. फक्त तोंड. वर नाकाचं टोक, खाली हनुवटी, आणि मधे ती प्रचंड, गुहेसारखी उघडी खाई, दाढांवरच्या चांदीसकट. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'घोरता? जबडा दुखतो? दोन्ही आजार, एकच इमारत. दुसरा आणि तिसरा मजला.'

दोक्सू जागच्या जागी थिजला. मग तो लाल झाला, मग जांभळा. "हे... हा... विश्वासघात आहे! मी खटला भरीन! जिन्यातून ओढत कोर्टात नेईन दोघांना!"

"हळू बोला, सांधा," मालसून म्हणाली.

"माझी अब्रू गेली!"

"तुमचा चेहरा कुठे दिसतोय? नुसतं तोंड आहे. कोणी ओळखणार नाही."

एवढ्यात सूपवाली आजी भाजीची पिशवी घेऊन थांब्यावर आली. तिने चष्मा सावरला, फलक वरपासून खालपर्यंत पाहिला, आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगंबाई, दोक्सू!"

रांगेतल्या सगळ्यांनी फलकाकडे पाहिलं आणि मग दोक्सूकडे. दोक्सूने तोंड घट्ट मिटलं, तेव्हा तर कोणालाच शंका उरली नाही. त्याने बायकोचा दंड धरला. "चल, घरी चल. आत्ताच्या आत्ता!"

पण मालसून हलेना. ती फलकासमोर उभी राहून, डोकं एका बाजूला कलवून, टक लावून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर अशी माया पसरली होती जी दोक्सूने लग्नाच्या दिवसानंतर पाहिली नव्हती. त्याचा राग जरा निवळला. कितीही झालं तरी बायको आहे. त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं, "काय बघतेस एवढं?"

"याची एक प्रत मागून घेऊ या का घरी लावायला?" मालसून म्हणाली. "एवढं मोठं तोंड उघडलंय तुम्ही, आणि आवाज म्हणून नाही."